गेरच्या दिवशीची ड्युटी

आमच्या कंपनीत मुलींचे फोन नंबर बाहेर कुणालाही देत नाहीत. ही गोष्ट मी कित्येक दिवस कौतुकाने सांगत असे. माहेरी, सासरी, लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्यांना. झालं असं होतं की एका क्लायंटच्या माणसाने आमच्याकडच्या एका मुलीला नको नको ते मेसेज पाठवले. तिने रडत रडत ते सरांना दाखवले आणि सरांनी त्याच दिवशी सगळ्या मुलींचे नंबर संपर्काच्या यादीतून काढून टाकले. त्या माणसाला कुणी काही बोललं नाही, कारण क्लायंट मोठा होता. तो अजूनही तिथेच आहे आणि दिवाळीला आमच्याकडची मिठाई खातो. पण आमचे नंबर मात्र निघाले. आम्हा मुलींना तेव्हा फार बरं वाटलं होतं. सर अगदी वडिलांसारखे आहेत असं आम्ही म्हणायचो आणि ते तसे आहेतही, त्यात खोटं काही नाही.

कंपनी इंदूरला राऊच्या बाजूला आहे. दवाखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर बनवते. रक्त तपासलं की यंत्रातून निघालेला आकडा डॉक्टरच्या स्क्रीनवर जातो ना, त्या मधल्या वाटेची काळजी आम्ही घेतो. आमच्याकडे दोन खोल्या आहेत. एका खोलीत टेस्टिंग, तिथे बहुतेक मुली. दुसऱ्या खोलीत सर्व्हर सांभाळणारे, तिथे झाडून सगळे मुलगे. असा नियम कुठे लिहिलेला नाही. मुली बारकाईने बघतात म्हणून त्यांना टेस्टिंग द्यायचं, असं म्हणतात. बारकाईने बघून आम्ही चुका शोधायच्या आणि पलीकडच्या खोलीत नेऊन द्यायच्या. पुढे बढती कुणाला मिळते, परदेशी क्लायंटसमोर कोण बसतं, हे मी सांगायला नको.

पलीकडच्या खोलीत जायचं तर ऑन-कॉल ड्युटी करावी लागते. म्हणजे सणवार असो की सुट्टी, सिस्टीम बिघडली की ज्याची ड्युटी त्याने उठून ती चालू करायची. मी ती ड्युटी मागितली तेव्हा सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बेटा, घरी विचारलंस का?"

माझा नवरा दुसऱ्या कंपनीत हेच काम करतो. त्याला कुणी कधी विचारलं नाही की बाबा रे, घरी विचारलंस का. एकदा याने जेवता जेवता फोनवरून काहीतरी चालवलं आणि एका दुकानदाराचा सगळा हिशोबच उडवला. त्याच्या ऑफिसात अजून त्याला त्यावरून चिडवतात, दर पार्टीत तो किस्सा निघतो, आणि हा सगळ्यांत मोठ्याने हसतो. पुढच्याच वर्षी तो टीमचा प्रमुख झाला. मी त्या किश्श्याला हसते, पण मनापासून नाही. कारण मला ठाऊक आहे, असं माझ्या हातून झालं तर तो किस्सा होणार नाही. तो माझ्या मागून येणाऱ्या प्रत्येकीला सांगितला जाणारा दाखला होईल.

वर्षभर मागे लागल्यावर मला एक महिन्याची ड्युटी मिळाली, बघूया म्हणून. टेस्टिंगमधल्या दोन लहान मुली माझ्यापेक्षा जास्त खूश झाल्या. त्यातली एक गौतमपुऱ्याहून शिकायला आलेली, घरातली पहिली नोकरीवाली. ती मला म्हणाली, "दीदी, तुमचं जमलं की मी पण मागणार." मी हसले, पण त्या वाक्याने मला झोप लागेना.

मी भित्री बाई आहे, हे सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी जिन्यातून परत येते. फोन वाजला की आधी मला मरण आठवतं, मग रिंगटोन ऐकू येते. तो पूर्ण महिना मी फोन उशाशी नाही, छातीवर ठेवून झोपले. पण महिना नीट चालला होता. जे किरकोळ बिघडलं ते मी दुरुस्त केलं होतं. फक्त एक गोष्ट विचित्र होती आणि ती मला विचित्र वाटतच नव्हती. सर्व्हरमध्ये शिरायचं तर पासवर्डनंतर एक कोड लागतो, दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा. तो फोनमधल्या एका अ‍ॅपवर दिसतो. अ‍ॅप मिळतं ते त्या संपर्काच्या यादीतल्या नंबरांना, आणि यादीत मुलींचे नंबर नाहीत. बिघाडाचा इशाराही त्याच नंबरांवर जातो. म्हणजे ड्युटी माझी, पण इशारा येणार आमच्या लीडच्या फोनवर, तो मला कळवणार, मग मी त्याला फोन करणार, तो कोड वाचून दाखवणार आणि मी आत शिरणार. स्वतःच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी तसं. पण पलीकडच्या खोलीतले मुलगेसुद्धा एकमेकांना "भिया, कोड भेज" करतच असतात, त्यामुळे मीही तसंच करायला लागले.

आमचा लीड नाशिकचा. हुद्द्याने माझ्या वर, वयाने लहान. इंदूरला येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याला इथल्या मराठीची गंमत वाटायची आणि मला त्याच्या शुद्ध मराठीची. रंगपंचमी जवळ आली तसा तो लहान मुलासारखा झाला. नाशिकलाही रंग खेळतात, पण गेर, म्हणजे राजवाड्यावरून रंग उडवत निघणारी इंदूरची मिरवणूक, त्याने फक्त मोबाइलवर पाहिली होती. पलीकडची सगळी खोली गेरला जाणार होती. राजवाड्याजवळ, सराफ्याच्या मागे त्यांच्यातल्या एकाचं घर आहे, त्याच्या गच्चीवरून गेर बघायची, मग खाली उतरून नाचायचं.

"रंगपंचमीची ड्युटीही तुझ्याकडेच राहू दे," सर मला म्हणाले. "तुला तर गेरमध्ये जायचं नसणार ना. लेडीज लोक कुठे जातात गर्दीत."

आता खूप बायका जातात, पण मी जात नाही हे खरं होतं. कॉलेजात असताना एकदा मैत्रिणींबरोबर राजवाड्यापर्यंत गेले होते. गर्दी दाबत आली, पुढे वाट नाही, मागे वाट नाही, आणि कुणाचा तरी हात माझ्या कुर्त्यात शिरला. कुणाचा ते मला दिसलं नाही. सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे होते. मी ओरडले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यानंतर मी रंगपंचमीला खिडकीसुद्धा उघडत नाही. म्हणून मी सरांना म्हटलं, "हो सर, मी आहे घरीच."

आमचं घर छत्रीबागेत आहे. सकाळपासून लांबून ढोल आणि डीजे ऐकू येत होते. नवरा जुना शर्ट घालून, स्वतःचा फोन भिजू नये म्हणून स्वयंपाकघरात ठेवून मित्रांबरोबर गेला. सासूबाई पुरणपोळ्या करत होत्या. मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. स्क्रीनवर एक आकडा असतो, आज किती रिपोर्ट गेले त्याचा. सणाच्या दिवशी तो मुंगीच्या पावलाने वाढतो, पण वाढतो. माणसं सणालाही आजारी असतातच.

सासूबाईंनी मला पहिली पोळी वाढली, मी खाल्ली, हात धुऊन आले, आणि आकडा तोच होता.

मी वाट पाहिली. पान पुन्हा उघडलं. आकडा तोच. लीडकडून काही निरोप नाही. मला वाटलं, इशारा आला असता तर त्याने कळवलं असतं. मग लक्षात आलं की इशारा त्याच्या फोनवर, भिजू नये म्हणून गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत वाजत असणार, आणि चहूबाजूंनी डीजे. कुठल्या तरी वॉर्डात डॉक्टर रिकाम्या स्क्रीनसमोर बसला असेल, कुणाचं तरी रक्त तपासून झालं असेल, आकडा यंत्रात तयार असेल, आणि तो पुढे जात नसेल. वाट अडली होती आणि वाटेवरची राखणदार मी होते, पुरणपोळी खात बसलेली.

लीडला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, आता लागतच नव्हता. राजवाड्याच्या गर्दीत नेटवर्क बसतं हे इंदूरच्या पोरासोरांना माहीत आहे, नाशिकच्या माणसाला कोण सांगणार. पलीकडच्या खोलीतल्या एकेकाला लावून पाहिलं. कुणीही उचलला नाही. सर एका गेरच्या मंचावर पाहुणे म्हणून होते. नवऱ्याला लावला तर स्वयंपाकघरात डब्यामागे तो खणखणायला लागला आणि सासूबाई दचकल्या. ज्या दवाखान्याचे रिपोर्ट थांबले होते त्याच्या मुख्य नंबरावर लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, लॅब का फोन तो कब से बिजी आ रहा है."

काय बिघडलंय ते मला लॅपटॉपवरून अर्धवट दिसत होतं. सर्व्हरची जागा भरली होती. जुन्या नोंदींचा गाळ साचला की असं होतं. तो काढायचा आणि थांबलेली रांग पुन्हा चालू करायची. हे मी याआधी केलं होतं. हात तयार होते, फक्त कोड हवा होता.

मी चपला शोधायला लागले तशा सासूबाई बाहेर आल्या. "कुठे चाललीस?"

"सराफ्याच्या मागे. आमच्या लीडकडून कोड आणायचाय. दवाखान्याचे रिपोर्ट अटकलेत."

"आज? पागल झालीस का गं? रस्ता तर पूरा बंद आहे. अन तू तर खिडकी पण उघडत नाहीस."

"आई, मला जावंच लागेल," म्हणताना माझा आवाज फाटला. मी रडायला लागले होते आणि मला ते कळलंही नव्हतं. "मी नाही गेले तर ते म्हणतील बाईला दिली म्हणून झालं. मग कुणालाच देणार नाहीत."

सासूबाईंना सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि मी कधी नीट सांगितलंही नव्हतं. तरी त्यांनी गॅस बंद केला, पदर कमरेला खोचला आणि त्या म्हणाल्या, "चल, मी येते संग. मला म्हातारीला कोण हात लावतो बघू."

मी नवऱ्याचा रेनकोट घातला, वर टोपी ओढली. लॅपटॉप घेतला नाही, तिथे नेटवर्कच नाही तर त्याचा उपयोग काय. ठरवलं होतं की लीडला फोनसकट घरी आणायचं. गल्ली ओलांडली तोवर ठीक होतं. पुढे इमारतींना निळं प्लास्टिक गुंडाळलेलं, दुकानांच्या पाट्या पोत्यांनी झाकलेल्या, आणि वरून गुलाल असा उतरत होता की ऊन लाल दिसत होतं. पाण्याच्या टँकरमधून फवारा आला तसा श्वास अडकला. माणसांना माणसं चिकटलेली. मी सासूबाईंचा पदर मुठीत धरला आणि मान खाली घातली. मला फक्त पाय दिसत होते, शेकडो भिजलेले पाय, आणि प्रत्येक पायाच्या वर दोन हात असतात एवढाच विचार डोक्यात होता.

"हटो रे! अम्मा को निकलने दो, भिया!" कुणी तरी ओरडलं. सासूबाई सगळ्यांना रंग लावू देत होत्या, गाल पुढे करत होत्या, "हो हो, बेटा, हॅपी रंगपंचमी, बाजूला हो," असं म्हणत वाट काढत होत्या. मग मागून कुणी तरी माझी टोपी खेचली आणि दोन्ही गालांवर गुलाल चोळला. मी किंचाळले. तो विशीतला मुलगा होता. घाबरून हात वर करून म्हणाला, "सॉरी दीदी, बुरा न मानो." वाईट काहीच केलं नव्हतं त्याने. पण मला उलटं पळून जायचं होतं आणि उलटं जायला वाट नव्हती, म्हणून मी पुढे गेले. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं.

गच्चीवर पोहोचलो तर आमचा लीड चंदेरी होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत चांदीचा रंग, वर हिरवा, आणि गळ्यात पिशवीतला फोन. मला बघून तो हसायला लागला. मी म्हटलं, "अरे, सर्व्हर बंद पडलाय." तो आणखी हसला. मी पुन्हा सांगितलं. त्याने भिंतीला टेकून डोळे पुसले आणि हसत हसत म्हणाला, "अगं, तू इथं कशी? तू तर येत नाहीस ना?" मग बाजूच्या मुलाने सांगितलं की भियाने ठंडाई समजून भांगेचे ग्लास रिचवलेत, एकावर एक. नाशिकच्या पाहुण्याला कुणी अडवलं नव्हतं. बाकीच्यांचीही तीच गत, फक्त ते नाचत होते.

त्याला गर्दीतून घरी नेणं शक्यच नव्हतं, तो जिन्यावरूनही नीट उतरला नसता. मी त्याच्या गळ्यातला फोन काढून घेतला. स्क्रीनवर लॅबच्या नंबरावरून आलेल्या फोनांची रांग लागली होती. फोन त्याच्या तोंडासमोर धरला. उघडेना. फोन चेहरा ओळखून उघडणारा होता आणि समोर चंदेरी भूत. "नंबर सांग, लॉकचा नंबर," मी ओरडले. त्याने एक आकडा सांगितला, तो चुकीचा. दुसरा सांगितला, तोही चुकीचा. "थांब, हा माझ्या बायकोच्या फोनचा आहे," म्हणून तो पुन्हा खिदळायला लागला. आणखी चुकला असता तर फोन कुलूपबंदच झाला असता.

मी मटकन खाली बसले. सासूबाईंनी मात्र घरातल्या बाईकडे खोबऱ्याचं तेल मागितलं. त्यांनी त्याला पाटावर बसवलं, तोंडावर तेल थापलं आणि माझ्या नवऱ्याला लहानपणी घासला असेल तसा घासला. "डोळे मीट. तोंड बंद. हसू नको, नाहीतर तेल जाईल तोंडात." तो आज्ञाधारकपणे गप्प बसला. पदराने पुसून काढला तेव्हा खाली गुलाबी झालेला माणसाचा चेहरा दिसला. फोन उघडला. मी कोडचं अ‍ॅप काढलं. आकडे बदलत होते, जिवंत होते.

आता हा फोन मिटला की पुन्हा उघडणार नव्हता. लॉक काढून टाकायचं तर तोच नंबर लागणार. सासूबाई म्हणाल्या, "यावर बोट ठेवत राहिलं तर चालतं ना? दे इकडे." त्यांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पदराखाली घेतला आणि आम्ही परत त्याच गर्दीत शिरलो. पूर्ण वाट त्या अंगठा फिरवत राहिल्या. मी पुढे होऊन माणसं ढकलत होते. आता माझ्या अंगाला कोण लागतंय इकडे माझं लक्ष नव्हतं, दर चार पावलांवर मागे वळून मी एकच विचारत होते, "आई, चालू आहे ना?" आणि त्या म्हणत होत्या, "आहे, तू बघ समोर."

घरी ओल्या कपड्यांनीच लॅपटॉपशी बसले. कोड टाकला आणि आत शिरले. आणि मग बाहेरच्या गर्दीत वाटली नव्हती एवढी भीती वाटली. समोर दोन फोल्डर होते, एकात जुना गाळ, दुसऱ्यात आजचे रिपोर्ट, दिसायला सारखे. एक ओळ लिहायची आणि एक बटण दाबायचं, की गाळ गेला. चुकीचं नाव लिहिलं तर आज सकाळपासूनचं सगळ्यांचं रक्त गेलं. विचारायला कुणी नव्हतं. गुलालाने माझी बोटं कीबोर्डवर लाल ठसे उमटवत होती. मी ती ओळ लिहिली, वाचली, पुसली, परत लिहिली. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली, त्यांना कळत नाही हे माहीत असून. त्या प्रत्येक अक्षरावर मान डोलवत होत्या आणि अंगठा फिरवत होत्या. मग मी डोळे मिटले. मिटायला नको होते, पण मिटले, आणि बटण दाबलं.

डोळे उघडले तेव्हा जागा मोकळी झाली होती. रांग चालू केली. आकडा हलला. एकाने वाढला, मग धडाधड वाढायला लागला, अडकलेलं पाणी सुटावं तसा. मी टेबलावर डोकं टेकलं. सासूबाईंनी विचारलं, "झालं? आता थांबवू बोट?"

नंतर कळलं की लॅबवाल्यांनी मधल्या वेळात चिठ्ठ्या लिहून वॉर्डात धावपळ केली होती. कुणाला काही झालं नाही. पण ते मला नंतर कळलं.

ऑफिस उघडलं त्या दिवशी सरांनी दोन्ही खोल्यांना एकत्र बोलावून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. लीडने कान पकडून माफी मागितली. त्याच्या कानामागे अजून चंदेरी होतं. मग सरांचा आवाज जड झाला. "मी रात्रभर झोपलो नाही हो. आपली एक मुलगी एकटी गेरच्या गर्दीत गेली. काही झालं असतं तर मी तिच्या घरी काय तोंड दाखवलं असतं?" सासूबाई बरोबर होत्या हे ते विसरले होते. "म्हणून मी डिसाइड केलंय, आजपासून ऑन-कॉल ड्युटी लेडीज स्टाफला नाही. सेफ्टी पहले." पुन्हा टाळ्या झाल्या. त्या खऱ्या होत्या, प्रेमाच्या होत्या.

गौतमपुऱ्याची मुलगी माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं रडेल. ती माझा हात धरून म्हणाली, "दीदी, बरं झालं. मी तर तिथेच मरून गेली असती. मला नाही पाहिजे अशी ड्युटी." आणि मग जे झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मलाही बरं वाटलं. छातीवरचा फोन उतरला, आता शांत झोपायचं, अंगावर कुणाची जबाबदारी नाही, असं ऊबदार काहीतरी पोटात उतरलं. गर्दीत नाही, बटण दाबतानाही नाही, तेव्हा मी खरी हादरले. अशाच गोड वाटण्यातून आम्ही सगळ्या त्या खोलीत बसून राहिलो होतो आणि पुढेही बसून राहणार होतो.

मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. ते काहीतरी वाचत होते. मी बसले नाही.

"सर, मी गेरमध्ये का गेले? कोड तुमच्या यादीतल्या नंबरालाच मिळतो म्हणून. माझा नंबर यादीत असता तर मी घरात बसून काम केलं असतं. टेबलावरून उठावंही लागलं नसतं."

सरांनी चष्मा काढला. "बेटा, नंबर टाकला की मग ते लोक फोन करणार. वेळी-अवेळी. तुला माहीत आहे ना काय झालं होतं."

"करू देत. घाण बोलले तर मी तुम्हाला दाखवेन, आणि यावेळी तुम्ही त्यांचा नंबर काढा. माझा नको."

असं मी सरांशी कधी बोलले नव्हते. बापाशीही नाही. सर रागावलेत की दुखावलेत ते कळेना. नोकरी गेली, असं मी मनात धरून टाकलं. मग त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, ती यादी उघडली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोल. नंबर बोल."

मी तोंड उघडलं आणि भीतीने मला माझाच नंबर आठवेना. सर बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले होते. मी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. आठवेपर्यंत मी तिथून हलणार नव्हते.